सभागृह उभं राहतं

शशिकलाने फ्रेम उलटी केली, भिंतीला टेकवली आणि वरून पोतं टाकलं. मग पोत्यावर खिळ्यांचा डबा ठेवला, आतल्या लोकांना उठणं जड जावं म्हणून.

"ताई, आक्खं सभागृह हाय ते. डब्यानं काय व्हनार?" हरेश म्हणाला.

"तू गप. दवाखान्यात फोन लाव."

भावाबहिणीचं जुन्या पनवेलात फ्रेमचं दुकान होतं. गावात संसदेच्या जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. सत्यजीत नावाचा तरुण त्यासाठीचे फोटो त्यांच्याकडे टाकून गेला होता. चहा पिणारे खासदार, अध्यक्षांच्या आसनापुढे मान लववणारे खासदार. हे सगळे फोटो फोटोसारखे वागले. भरल्या सभागृहाचा एकच फोटो वागेना. कुणी आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन दुकानाकडे निघालं, की त्यातले सगळे खासदार मान खाली घालून उभे राहत. गिऱ्हाईक गेलं की बसत.

"कुणी वारलं की सभागृह उभं राहतं, परंपराच आहे," एवढंच सत्यजीत म्हणाला होता. तो संसदेतल्या परंपरेविषयी बोलत होता; फोटोतले खासदार खरंच उठतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा हरेशच्या हातून काच फुटली. पुढे सवय झाली. सभागृह उठलं की तो ड्रॉवरमधून चंदनाचा हार काढून ठेवू लागला. कोन गावचा एक माणूस आईचा फोटो घेऊन आला आणि हार बघून थबकला.

"तुमाला कुनी सांगलं?"

"दिल्लीवरून कललं," हरेश म्हणाला.

आज सकाळी मात्र खासदार अर्धेच उठलेले होते. हात बाकावर टेकलेले, गुडघे वाकलेले. रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. आणि आबा, त्यांचे वडील, ऑक्सिजनवर होते. शशिकलाने फ्रेम उलटी केली ती तेव्हाच.

हरेशने फोन ठेवला.

"आबा चा मागतायत."

आठवड्याभरात आबा घरी आले. मग दुकानात स्टुलावर येऊन बसू लागले. त्या सकाळपासून मेलेल्याचा फोटो घेऊन कुणी फिरकलं नाही. लग्नाचे आले, बारशाचे आले, एका कुत्र्याचाही आला; जिवंत होता. हारांवर धूळ बसली. दुपारी रस्ता शांत झाला की पोत्यामागून बाकं सरकल्यासारखा आवाज येई.

"घूस हाय," आबा म्हणत.

"हो," शशिकला म्हणे, आणि डब्यात आणखी खिळे टाकी.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सत्यजीत टेम्पो घेऊन आला. बाकीचे फोटो गाडीत गेले.

"सभागृहाचा राहिला की."

"त्याची काच बसायचीय," शशिकला म्हणाली.

"ताई, उद्या उद्घाटन आहे. काचेशिवाय नेतो."

"नका नेऊ. फोटोचे पैसे भरते मी."

सत्यजीत हसला. "संसद विकत घेताय का?"

त्याने डबा खाली ठेवला, पोतं ओढलं आणि फ्रेम उजेडाकडे फिरवली. शशिकला रस्त्याकडे बघत राहिली.

"अरे वा, काच तर बसलीय. बघा, श्रद्धांजलीचा दिसतोय हा. सगळे उभे आहेत." त्याने फ्रेमची मागची बाजू पाहिली. "कुणाला, ते लिहिलेलं नाही."

स्टूल वाजलं. आबा उठले होते. चहाचा ग्लास त्यांनी काउंटरवर ठेवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि हात जुळवून फोटोसमोर उभे राहिले.

"काका, तुम्ही बसा ना," सत्यजीत म्हणाला.

"ते बसले की बसतो."

हरेशचा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. शशिकलाने तो धरला आणि सोडला नाही.