निळी सोलकढी

राधाबाईची चव गणपतीतल्या तापात गेली ती गेलीच. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकद आली. चव मात्र रुसून बसली ती डिसेंबर आला तरी परतायचं नाव घेईना. मिरची तेवढी जिभेला टोचायची. बाकी मीठ काय, साखर काय, चिंच काय, सगळं सारखंच, पाण्यासारखं. आणि ही गोष्ट तिने अख्ख्या देवबाग गावात कुणाला म्हणून कुणाला सांगितली नव्हती. लेकाला नाही, सुनेला नाही. देवाला सांगितली असेल, पण तो काय उठून बोलतोय थोडाच!

सांगणार तरी कशी? नवरा गेल्यावर डोक्यावर टोपली घेऊन मासे विकत तिने दोन पोरं वाढवली. पुढे लेकाने, अनिशने, खाडीच्या बाजूला दोन खोल्या काढून पर्यटक ठेवायला सुरुवात केली तेव्हा चूल हिने हातात घेतली, आणि खरं सांगायचं तर लोक त्या खोल्यांसाठी येतच नव्हते. खोल्या कशाही असोत, राधाबाईच्या हातचं तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आणि सोलकढी मिळाली की पुण्या-कोल्हापूरची माणसं गार व्हायची. आता चव न कळणाऱ्या बाईला चुलीपाशी कोण उभं करील? खाटेवर बसवतील, हातात टीव्हीचा रिमोट देतील आणि म्हणतील, आई, आता आराम कर. राधाबाईला समुद्राची भीती कधी वाटली नाही, पण ह्या ‘आराम कर’ची फार वाटायची.

म्हणून तिने नाटक चालू ठेवलं. पातेल्यातला थेंब पळीने डाव्या तळहातावर घ्यायचा, जिभेने टिपायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “बरी झाली.” जन्मभराची सवय ती. आता तळहातावरच्या थेंबातून काही कळायचं नाही, पण हाताला अंदाज होता, नाकाला थोडा वास होता, आणि डोळे तर ठणठणीत होते. आमसुलाच्या आगळाचा, म्हणजे आंबट रसाचा, लालगर्द रंग नारळाच्या दुधात पडून फिकट जांभळट-गुलाबी झाला म्हणजे आंबट पुरे, हे ती बघूनच ओळखायची. फक्त मिठाला रंग नसतो, तिथे पंचाईत व्हायची. अळणी राहायच्या भीतीने हात जरा सढळ पडायचा. अनिश जेवताना दोनदा पाणी मागायचा, पण बोलायचा काही नाही.

सून संचिता मालवणात शाळेत विज्ञान शिकवायची. कुडाळकडची, भातशेतीवाल्यांची पोर. मासळी साफ करायला लग्नानंतर शिकली आणि अजूनही बांगड्याशी भांडणच करायची. पण सासू-सुनेचं चांगलं मेतकूट जमलं होतं. संध्याकाळी संचिता ओट्यावर बसून वह्या तपासायची आणि राधाबाई खोबरं किसता किसता तिची टर उडवायची. आम्ल म्हणजे आंबट, आम्लारी म्हणजे कडवट आणि बुळबुळीत, आणि कुठलं काय आहे ते ओळखायला म्हणे रंग बदलणारे कागद. “जीभ दिल्यान देवान, ती कित्याक मगे?” राधाबाई विचारायची. संचिता हसून सांगायची की प्रयोगशाळेत जीभ लावली तर जीभच शिल्लक राहायची नाही. पूर्वी राधाबाई ह्या गोष्टीवर खो खो हसायची. अलीकडे नुसती किसणी जोरात चालवायची.

त्या शनिवारी नम्रता आली. नम्रता म्हणजे राधाबाईची थोरली लेक, ओरोसला सरकारी क्वार्टर्समध्ये राहायची. मायाळू पोर, पण माया करायची म्हणजे समोरच्याला हलवून सोडायचं, असा स्वभाव. आल्या आल्या तिने जाहीर केलं की आईचं वय झालं, मालवणातल्या एका स्वयंपाकिणीशी बोलून ठेवलंय, एक तारखेपासून ती येईल, आणि आई चार महिने ओरोसला राहील. अनिश पाहुण्यांचं निमित्त काढून बाहेर सटकला. राधाबाईने ऐकलं न ऐकलंसं केलं. बोलून झाल्यावर नम्रताने पदर खोचला आणि आईचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. मळके डबे फेकले, नव्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या त्यांत सगळं भरलं, आणि एका रांगेत लावून टाकलं. अगदी देखणं दिसत होतं. कशाला हात लावायचा ते मात्र घरच्या बाईला कळेना.

बाहेर पाहुणे जेवायला बसायच्या बेतात. राधाबाईने नारळाचं दूध पिळलं, त्यात आगळ ओतलं, लसूण-मिरचीचं वाटण घातलं, आणि ओल्या हाताने मिठाच्या जागची बरणी उघडून अर्धी मूठ घातली. दुसऱ्या कुठल्याही सुगरणीने आधी चिमूटभर जिभेवर ठेवलं असतं. राधाबाईला त्याचा काही उपयोग नव्हता म्हणून तिने ठेवलं नाही. आणि ते मीठ नव्हतं. भांड्यांना लागलेला म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, वास काढायला अनिश किलोने आणायचा तो खायचा सोडा होता.

कढी फसफसून वर आली. चुलीवर न ठेवलेली कढी उतू जाते म्हणजे काय! राधाबाईने घाईने ढवळली. फेस बसला, पण रंग हरवला. गुलाबी होती ती जांभळी झाली, जांभळीची निळसर, आणि शेवटी पावसाळ्यातल्या खाडीसारखी राखी-निळी होऊन राहिली. तेवढ्यात नम्रता ग्लास घ्यायला आत आली आणि पातेल्यात डोकावून थबकली.

लेकीसमोर आता करायचं काय? बाईने नेहमीचं केलं. थेंब तळहातावर घेतला, जिभेने टिपला, डोळे मिटले.

“बरी झाली,” ती म्हणाली. रंगाचं विचारशील तर नारळ जून होता, असंही ठोकून दिलं.

नम्रताने चमचाभर तोंडात घेतली आणि मोरीत जाऊन थुंकली. साबणाचं पाणी बरं, असं तिचं तोंड झालं होतं. आईकडे ती बघतच राहिली.

नेमकी त्याच वेळी संचिता शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा संपवून आली. डोक्यावर हेल्मेट तसंच. पातेल्यात एकदाच तिची नजर गेली, आणि रंगावरूनच तिला कळलं की आगळाचं आम्ल कुणीतरी पार मारून टाकलंय. मग तिने सासूचा ओला तळहात पाहिला, सासूचं तोंड पाहिलं, आणि पुढचंही कळलं. दर जेवणाला अनिशने मागितलेलं पाणी आठवलं. आपण पोरांना रंग ओळखायला शिकवतो आणि घरात इतके महिने आपल्याला काही दिसलं नाही, याची तिला भयंकर शरम वाटली. तिने तोंडात आलं ते बोलून टाकलं: सोडा मीच घातला, मुलांना दाखवायचा प्रयोग होता, पातेलं बाजूला ठेवायचं विसरले.

“तू आता येतंस,” नम्रता म्हणाली, “हेल्मेट पण काढूक नाय. कधी घातलंस?”

संचिता बिचारी पातेल्यापाशी तशीच उभी. हेल्मेट काढायचंही तिला सुचेना.

राधाबाईने पदराला हात पुसले. सुनेला अशी उभी राहिलेली पाहून तिला आपली भीती एकदम बारीक वाटायला लागली. आपल्यापायी ह्या पोरीने खोटं बोलावं, आणि तेही धड न जमणारं?

“मी घातलंय,” ती म्हणाली. “माका चव कळणा नाय. गणपतीपासून.”

नम्रता मटकन पाटावर बसली आणि रडायलाच लागली. आई, फोनवर रोज बोलतो आपण, एक शब्द सांगितला नाहीस, हे तिचं खरं दुखणं. राधाबाईने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, पण मान वर करून स्पष्ट सांगितलं की ह्याच्यासाठीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही माझी चूल काढून घेतली असती. आताही घ्यायची तर घ्या, चूक माझीच आहे.

संचिताने हेल्मेट पातेल्याशेजारी ठेवलं आणि नवा नारळ फोडला. पाहुण्यांना दहा मिनिटं थांबा म्हणून अनिशकडून निरोप गेला. राधाबाईने दूध पिळलं, आगळ ओतलं, रंग बसला. मीठ घालायची वेळ आली तेव्हा तिने बरणी सुनेपुढे धरली, आणि संचिताने कण चाखून मीठच आहे म्हटल्यावर थोडं घातलं. संचिताने आपला तळहात पुढे केला. राधाबाईने पळीने त्यावर थेंब घातला.

“मीठ जरासा कमी,” संचिता म्हणाली.

राधाबाईने चिमूट टाकली. दुसरा थेंब. संचिताने मान डोलावली. नम्रता नाक पुसत बघत होती. स्वयंपाकिणीचं नाव तिने परत काढलं नाही.

“आंबट आसा मा गो?” राधाबाईने विचारलं, आणि मग अगदी हळू म्हणाली, “आंबट कसा लागता, तांच माका आठवणा नाय.”

संचिता गडबडली. आम्लाची व्याख्या तिला तोंडपाठ होती. ती इथे काय कामाची? तिने वाटीभर कढी घेतली, मोठा घोट घेतला आणि डोळे मिटून सांगायला लागली. आधी गालांच्या आत काहीतरी आकसतं, आई. मग जिभेच्या कडा चरचरतात. मग कानांच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, दोन्हीकडून एकदम कुणी चिमटा काढल्यासारखं होतं, आणि नको नको म्हणता आणखी एक घोट हवासा वाटतो. सांगता सांगता तिचं तोंड कच्ची कैरी चावल्यासारखं वाकडं झालं.

राधाबाई तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. बघता बघता तिचेही गाल आत ओढले गेले. तिने आवंढा गिळला. परत गिळला. मग पदर ओठांना लावला आणि लहान पोरीसारखी लाजली.

“गो बाय,” ती म्हणाली, “माझ्या तोंडाक पाणी सुटलां.”