बसून तपासलेली खुर्ची

शनिवारी दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी माझी उजवी बिजागरी तुटली. त्या वेळी माझ्यावर आठ वर्षांची एक मुलगी उभी होती.

मित्रांनो, मी फुटबॉलच्या मैदानावरची एक जुनी खुर्ची आहे. आपल्या संघामागे बाहेरगावाहून येणाऱ्या समर्थकांसाठी एक स्टँड राखून ठेवलेला असतो. त्यातली नवव्या रांगेतली चौदा नंबरची खुर्ची म्हणजे मी. सध्या मी जागेवर नाही. मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर पडून आहे आणि माझ्या पाठीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर तारीख आहे, वेळ आहे. कारणाची ओळ कोरी आहे. ती कोणी भरण्याआधी मला माझी हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं निळं प्लास्टिक साच्यात पडलं आणि मिनिटभरात मी बाहेर आले. मग माझी परीक्षा घेतली गेली. एक यंत्र वाळूचं पोतं माझ्या मधोमध ठेवायचं, उचलायचं, पुन्हा ठेवायचं. असं हजारो वेळा चाललं. पोतं फार शहाणं होतं. ते कधी काठावर सरकलं नाही की त्याने जागेवर उड्या मारल्या नाहीत. मी पास झाले. माझ्या पोटाखाली शिक्का बसला: एका व्यक्तीस बसण्यासाठी.

मैदानावर तोवर नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि लोक त्यांवर खेटून उभे राहत. मग प्रत्येकाला बसायला जागा हवी असा नियम आला आणि आम्ही दोन हजार जणी ट्रकमधून तिथे पोचलो. मिस्त्रींनी आम्हाला एकेक करून पायऱ्यांवर बसवलं. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. आमचा स्टँड तेव्हा घरच्या संघाच्या कुटुंबांसाठी होता. आया, आजोबा, मावश्या, पोरंबाळं यायची. लोक बसायचे, गोल झाला की उठायचे, परत बसायचे. उठलं की मी आपोआप मिटायचे, त्याचं मुलांना भारी कौतुक. एक बाई तर दर सामन्याला रुमालाने मला पुसून मगच टेकायची आणि नवऱ्याला सांगायची, "घरच्या सोफ्यापेक्षा बरी आहे. पाठ तरी धरते."

सहा वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने जागा बदलल्या. कुटुंबं पलीकडच्या बाजूला गेली आणि आमचा स्टँड पाहुण्या समर्थकांना मिळाला. तेव्हापासून सामना पाहताना माझ्यावर कोणी बसलं नाही.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. तीन-तीन तास बसमध्ये अवघडून आलेली ती माणसं होती. पहिली रांग उत्साहाने उभी राहायची. मग दुसरीला दिसायचं नाही, म्हणून ती उठायची. असं करत करत शेवटच्या रांगेपर्यंत सगळे उभे. ज्यांची उंची कमी ते आमच्यावर चढायचे. बसा म्हणून सांगायला पिवळं जाकीट घातलेली एक सुरक्षारक्षक बाई रांगेरांगेने फिरायची. ती समोर आली की लोक गुडघे वाकवून बसल्यासारखं करायचे आणि ती पुढे गेली की सरळ व्हायचे. तिलाही ते ठाऊक होतं. "पाठीला डोळे आहेत मला," असं ती म्हणायची, पण मागे वळायची नाही. वळली असती तर तिथेच तिची दुपार संपली असती.

वर्षातून दोनदा मिस्त्री आमची तपासणी करत. ते प्रत्येकीवर बसत, दोनदा अंग हलवत, "ठणठणीत," म्हणत आणि कागदावर खूण करत. कागदावर छापलेलंच होतं: बसून पाहावे. मिस्त्री कामचुकार नाहीत. एकही खुर्ची त्यांनी कधी गाळली नाही.

दोन वर्षांपूर्वी एक जाडजूड गृहस्थ माझ्या पुढच्या काठावर उभे राहून नाचले. माझ्या उजव्या बिजागरीत केसाएवढी चीर गेली. मधोमध वजन आलं की ती मिटायची. काठावर वजन आलं की उघडायची. पुढच्या तपासणीला मिस्त्री माझ्यावर मधोमध बसले, दोनदा हलले.

"ठणठणीत," ते म्हणाले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण खुर्चीला तोंड नसतं. तेव्हापासून दर सामन्याच्या दिवशी फाटक उघडलं की मी येणाऱ्यांची वजनं डोळ्यांनी तोलायचे. हा नको, तोही नको, ती सडपातळ आहे, ती चालेल. माझ्या जागी कोणी आलं नाही की मला हायसं वाटायचं. पण पाहुण्यांच्या स्टँडमध्ये जागा सहसा रिकामी राहत नाही.

शनिवारी माझ्या वाट्याला एक आजोबा आणि त्यांची नात आले. चौदा आणि पंधरा नंबर. आजोबा म्हणजे समर्थकांच्या बसचे जुने ड्रायव्हर. बावीस वर्षं त्यांनी ही माणसं गावोगावच्या मैदानांवर नेली होती आणि प्रत्येक सामना उभ्याने पाहिला होता. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नात सारखी गरगरत असते म्हणून तिला ते भिंगरी म्हणत. बाहेरगावचा तिचा हा पहिलाच सामना होता. पलीकडे कुटुंबांचा स्टँड अर्धा रिकामा होता, पण पाहुण्या संघाचे रंग अंगावर असले की तिकडे सोडत नाहीत. म्हणून ती दोघं इथे आली.

बसल्या बसल्या आजोबांचा फोन वाजला. त्यांची मुलगी, म्हणजे भिंगरीची आई होती.

"हो गं, पोचलो," आजोबा म्हणाले. "बसलोय. दोघंही बसलोय. अगं, खुर्च्या आहेत इथे, छान निळ्या. उभं कशाला राहीन मी? शब्द दिलाय ना तुला. बसूनच पाहणार."

चारच्या ठोक्याला सामना सुरू झाला आणि पहिली रांग उभी राहिली.

आजोबांच्या पुढ्यात एक रुंद पाठ आली. ती भोंग्याची होती. त्याचा आवाज दोन स्टँड ओलांडून जायचा म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याच्या घोषणेमागे बाकीचे घोषणा देत.

"भोंग्या, बस की जरा," आजोबा म्हणाले. "पोरीला तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही."

"काका, मी बसलो तर मला त्या ढेरपोट्याची पाठ दिसेल," भोंगा वळून म्हणाला. "त्याला आधी बसवा. आणि तुम्हीच नाही का शिकवलंत? बसून ओरडलं की आवाज पोटातच राहतो."

आजूबाजूचे हसले. आजोबाही हसले, पण ते हसू लगेच मावळलं. सामन्यात कोणी दमून बसलं की "पाय भाड्याने आणलेत का?" असं विचारणारे तेच होते. आता कोणत्या तोंडाने बसा म्हणणार?

"आजोबा, गवतसुद्धा दिसत नाही," भिंगरी म्हणाली.

"चढ वर. मी धरतो."

ती माझ्यावर चढली. बुटांचे तळवे छोटे होते, वजन पोत्याच्या निम्मंही नसेल. ती मधोमध उभी राहिली आणि माझी चीर मिटलेलीच राहिली. आजोबांनी बसल्या जागेवरून तिच्या कमरेला हात घातला. मी जरा श्वास सोडला.

मग भिंगरीने सामना सांगायला सुरुवात केली.

"आजोबा, चार नंबरवाला पडला."

"लागलं का?"

"नाही. नाटक करतोय. एका डोळ्याने रेफरीकडे बघतोय."

"आपला की त्यांचा?"

"आपला."

"मग लागलं असेल," आजोबा म्हणाले.

चार वाजून चौदा मिनिटांनी पिवळ्या जाकिटातली बाई आली. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, खुर्चीवर उभं नाही करायचं. पडेल ती."

"धरलंय मी."

"खाली पहिल्या रांगेच्या कडेला दोन जागा करून देते. समोर कठडा आहे, बसून स्वच्छ दिसेल. चला."

आजोबांनी खाली पाहिलं. आठ पायऱ्या होत्या, उंच आणि कठड्याविना, आणि सगळे ओळखीचे लोक बघत होते. बावीस वर्षं ज्यांना सामन्यात बसू दिलं नव्हतं, त्यांच्यासमोरून एकेक पायरी चाचपत उतरायचं होतं.

"मध्यंतराला बघू," ते म्हणाले. "आता गर्दीत कुठे पाय टाकू?"

"तोवर बसवा तिला. मी येतेच परत."

तेवढ्यात वरच्या जिन्यात भांडण लागल्याची हाक आली आणि ती धावली. भिंगरी बसली. मी मनातल्या मनात त्या बाईचे आभार मानले. पण दोन मिनिटांत सगळे ओरडले, भिंगरीने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी जिन्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा माझ्यावर उभी राहिली.

चार एकवीसला त्यांच्या संघाला कॉर्नर मिळाला.

"कॉर्नर आहे आजोबा. आपला. सगळे गोलपाशी जमलेत. गोलकीपर ढकलतोय एकाला. आजोबा, तुम्ही बघा ना."

आजोबांना राहवलं नाही. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि उठायला लागले. दोन्ही हातांनी, म्हणजे भिंगरीच्या कमरेवरचा हात सुटला. त्याच वेळी ती नीट दिसावं म्हणून माझ्या पुढच्या काठावर सरकली. चीर उघडली. मी होती नव्हती ती ताकद लावली. प्लास्टिकची ताकद ती किती असणार?

चेंडू आत आला. स्टँड उसळला. भिंगरीने उडी मारली आणि ती काठावर परत आली, तेव्हा बिजागरी तुटली.

ती भोंग्याच्या बगलेतून पुढच्या रांगेत पडली आणि तिचं डोकं सिमेंटच्या पायरीला लागलं. वरच्या रांगांना काही माहीत नव्हतं. गोलच्या आनंदात ते एकमेकांवर रेलत खाली येत होते. भोंग्याने मागे पाहिलं. तो पायरीवर पंजे टेकून मुलीवर ओणवा झाला, दहा-बारा माणसांचा भार पाठीवर घेतला आणि ओरडला, "बसा. सगळे बसा. पोरगी पडलीय खाली."

आधी आठवी रांग बसली, मग नववी, मग वरच्या. आम्हा खुर्च्यांचे आवाज रांगेमागून रांगेत खाड खाड करत गेले. अर्ध्या मिनिटात सगळा स्टँड बसलेला होता. सहा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. जिन्यावरून पिवळं जाकीट सरळ खाली धावत आलं, कारण आता तिला सगळं दिसत होतं. स्ट्रेचर आलं. उभे होते फक्त आजोबा. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. ते दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून होते, आणि मग त्याच आठ पायऱ्या भोंग्याच्या खांद्यावर भार टाकत उतरून स्ट्रेचरमागे गेले.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी माझे बोल्ट काढले. व्यवस्थापनाचे साहेब ही चिठ्ठी घेऊन वर्कशॉपमध्ये आले होते.

"शेवटची तपासणी कधी केली होती?"

"अडीच महिने झाले, साहेब. मी स्वतः बसून पाहिली. काही नव्हतं."

"मुलगी बसली होती की उभी?"

"उभी. तिथे सगळे उभेच असतात."

"खुर्ची बसण्यासाठी असते, मिस्त्री."

"हो साहेब. पण तिथे बसतं कोण?"

साहेबांनी पेन उघडलं, कारणाच्या ओळीवर थोडा वेळ धरलं आणि बंद केलं. ते गेल्यावर मिस्त्री स्टँडमध्ये परतले. वर्कशॉपच्या खिडकीतून मला ते दिसत होते. नवव्या रांगेत ते एका हाताने आठव्या रांगेतल्या खुर्चीची पाठ धरून खुर्चीवर चढले, काठावर गेले, उतरले, मग पुढच्या खुर्चीवर. पांढऱ्या केसांचा माणूस खुर्च्यांवर उभा राहत संबंध रांग फिरला. त्या एका रांगेत त्यांना आणखी तीन चिरा सापडल्या. स्टँडमध्ये अशा चाळीस रांगा आहेत.

मित्रांनो, मला दोष द्यायचा असेल तर द्या, मी तो घेईन. पण एखादी वस्तू तपासताना तिच्या पोटाखालचा शिक्का तेवढा वाचू नका, ती रोज कशी वापरली जाते तेही जाऊन बघा. आणि सामना पाहताना तुमच्या मागे एखादं लहान मूल किंवा एखादे दुखऱ्या गुडघ्याचे आजोबा असतील, तर कोणी पडायच्या आधी एकदा मागे वळून बघा. कुठल्या तरी रांगेने पहिल्यांदा बसायला लागतं.

आज सोमवार. संध्याकाळी पाच चाळीसला मिस्त्रींचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून पिवळ्या जाकिटातली बाई बोलत होती. मिस्त्रींनी फोन माझ्या शेजारी टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

भिंगरी जागी आहे, ती म्हणाली. आईला ओळखते. बसमध्ये कोण कुठे बसलं होतं ते सांगते. कॉर्नरपर्यंतचं तिला सगळं आठवतं, गोलकीपर एकाला ढकलत होता तेसुद्धा. त्यापुढचं काही आठवत नाही. गोल झाला का, असं ती आजोबांना सारखं विचारते. आजोबा हो म्हणतात, आणि दहा मिनिटांनी ती पुन्हा विचारते.

"डॉक्टर काय म्हणतात?" मिस्त्रींनी विचारलं.

"उद्या सकाळी नऊला परत डोक्याचा फोटो काढणार आहेत," ती म्हणाली. "तोवर काही सांगता येत नाही म्हणाले."