वस्तादांची खुर्ची

वादळाने आमचा बाजाररस्ता चाटूनपुसून खाल्ला आणि गोल्फ क्लबला बोटही लावलं नाही. यावर गावात पहिला विनोद झाला तो असा, की वादळालासुद्धा आत जायला मेंबरशिप लागते. हसणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, तरी ते हसले. मला काही हसू आलं नाही. मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

तसल्या वादळाला आमच्याकडे सोंड म्हणतात. ती आभाळातून खाली येते, जमिनीला टेकते आणि जे सापडेल ते ओढून वर नेते. त्या दुपारी तिने बेकरी नेली, चपलांचं दुकान नेलं, वाचनालयाचं छप्पर नेलं आणि माझ्या बाबांचं सलून नेलं. मग क्लबच्या कुंपणापाशी आली आणि कोणी तोंडावर दार लावावं तशी उचलली गेली. पण जाताना ओकली ती क्लबच्याच मैदानावर. माणूस एकही गेला नाही, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. गेली ती घरं, दुकानं आणि लोकांच्या चेहऱ्यांवरची रया.

बाबा गावचे न्हावी. गाव त्यांना वस्ताद म्हणतं. मी शहरात राहते, तिसऱ्या मजल्यावर, एकटी, आणि भाजीचा टेम्पो चालवते. बातमी कळली तशी टेम्पो रिकामा करून निघाले. बाबा सापडले ते क्लबच्या व्हरांड्यात. अंगात पांढरा एप्रन, खिशात कंगवा आणि कात्री. दुकान म्हणून तेवढंच काय ते उरलं होतं.

‘आलीस?’ ते म्हणाले. ‘टेम्पो कुठे लावलास? इथल्या गवतावर लावू नकोस, शिट्टी ओरडेल.’

शिट्टी म्हणजे क्लबचा सेक्रेटरी. उंच, कडक इस्त्रीचा, गळ्यात दोरीला शिट्टी. गावातलं कोणी चुकून कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की ती वाजायची. कुंपणही त्याचंच. काटेरी झुडपं लावून, वर्षानुवर्षं खतपाणी घालून त्याने हिरवी भिंत उभी केली होती. कशासाठी? तर पहिला फटका मारताना मेंबर लोकांना आमच्या दुकानांची मागची बाजू, वाळत घातलेले कपडे आणि कचऱ्याचे डबे दिसू नयेत म्हणून. आम्ही लहानपणापासून त्या भिंतीच्या मागच्या बाजूलाच राहिलो.

त्यामुळे मी भांडायच्या तयारीने गेले होते. पण भांडायला कोणी मिळेना, हे दुखणं वेगळंच. फाटक उघडलं होतं शिट्टीनेच. ज्या हॉलच्या गालिच्यावर चिखलाचा बूट पडला तर दंड होता, तिथे गाद्या घातल्या होत्या आणि बेकरीवाली मावशी घोरत पडली होती. क्लबच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात सूप उकळत होतं. चेंडूंच्या मागे मेंबरांना फिरवणाऱ्या त्या बुटक्या गाड्या आता गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेत होत्या. मेंबरांच्या अंघोळीच्या खोल्यांपुढे आमच्या बायकांची रांग, आणि रांगेत टॉवेल वाटायला कोण, तर एक वकिलीणबाई. तिने मलाही एक मऊ टॉवेल दिला. मी तो रागानेच घेतला.

‘बाबा, चला,’ मी म्हणाले. ‘माझ्याकडे. खोली झाडून ठेवलीय.’

‘आणि करू काय तिकडे?’

‘तेच. केस कापा. आमच्या बिल्डिंगमध्ये काय टकलेच राहतात?’

‘खुर्चीशिवाय?’

इथे ती खुर्ची समजून घ्यायला हवी. लोखंडी बुडाची, लाल रेग्झीनची, पायाने दांडा दाबला की तेलावर वर चढणारी. बाबांची कंबर धरलेली आहे, ती वाकत नाही. साध्या खुर्चीत माणूस बसवला तर त्याच्या कानापर्यंत बाबांचा हात पोचतो, मानेपर्यंत पोचत नाही. ती खुर्ची माणसाचं डोकं त्यांच्या हातात आणून द्यायची. शिवाय आई. दुकान बंद झालं की आई त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि बाबा तिचे केस धुऊन द्यायचे. आई गेल्यावर मी एकदा म्हटलं होतं, नवी घेऊ. ते म्हणाले होते, घे की, पण तुझ्या घरी ठेव.

‘खुर्ची सापडली तर राहीन,’ बाबा आता म्हणाले, ‘नाही सापडली तर तुझा तिसरा मजला. झालं समाधान?’

झालं नाही. त्यांनी माझ्याकडे यावं हे मला मनापासून हवं होतं. पण असं नको होतं, हातातली कात्री खिशात ठेवून.

सोंडेने ओकलेलं सगळं त्या मैदानावर पसरलं होतं. आणि इथे एक गोष्ट कबूल करावी लागेल, गवतात वस्तू शोधावी ती या लोकांनीच. जन्मभर दुसरं केलंय काय? रोज सकाळी मेंबर, वेटर, माळी आणि आमची माणसं हाताच्या अंतरावर एका ओळीत उभी राहायची. पहिल्या टीपासून, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या चौथऱ्यापासून, सुरुवात. ओळ पुढे सरकायची, काठीने गवत बाजूला करायची, झुडपात वाकायची. मिळालेलं सगळं शेवटच्या भोकाभोवतीच्या मखमली हिरवळीवर मांडायचं. त्या हिरवळीवर गावचं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं. आता लोक चपला हातात घेऊन तिथे आपापला संसार शोधत फिरायचे. हे अनवाणी चालायला कोणी सांगितलं नव्हतं. आपोआपच झालं.

काय काय निघालं! चपलांच्या दुकानातले सगळे डावे पाय एका खड्ड्यात. वाचनालयाची घंटा. कोणाचं तरी पाळलेलं कासव, ठणठणीत, तोंडात पान. शिक्षिकाबाईंची कवळी निघाली तेव्हा शिट्टीने ती रुमालावर धरून विचारलं, ‘ही कोणाची?’ बाई तोंडावर हात ठेवून पुढे आल्या, पाठमोऱ्या झाल्या, वळल्या आणि म्हणाल्या, ‘बरोब्बर बसली. आता बोलते. तुमच्या सूपमध्ये मीठ कमी असतं.’

खुर्ची तेवढी निघेना.

बाबा रोज व्हरांड्यात बसायचे. ओळ परतली की मान वर करायचे. शिट्टी पायऱ्या चढून यायचा, डोकं हलवायचा. त्याचेही केस वाढले होते, कानांवर आले होते. एके दिवशी बाबांनी एप्रन काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला.

‘चल,’ ते म्हणाले. ‘शोधणाऱ्यांना तरी किती दमवायचं? पिशवी टेम्पोत टाक.’

मी पिशवी टाकली. आणि मग माझं डोकं फिरलं. मी सरळ शिट्टीपुढे जाऊन उभी राहिले.

‘काका, कासव सापडतं तुम्हाला. दात सापडतात. आणि लोखंडाचा एवढा हत्ती सापडत नाही?’

‘बाई, सगळं मैदान पालथं घातलंय,’ तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच दमलेला होता. ‘पहिल्या टीपासून शेवटच्या भोकापर्यंत. तळ्यात गळ टाकून पाहिलं. दोनदा.’

‘टीपासून पुढे?’

‘पुढेच.’

‘आणि मागे?’

मी त्याला समुद्राच्या मागे काय असतं असं विचारल्यासारखा तो माझ्याकडे पाहत राहिला. ‘टीच्या मागे?’ तो म्हणाला. ‘टीच्या मागे काय असणार? मागे चेंडू जात नाही.’

‘अहो काका, खुर्ची आहे ती! चेंडू नाही!’

वकिलीणबाईंनी टॉवेल खाली ठेवला. खरं तर शिट्टीची एकट्याची चूक नव्हती. ओळीत आमचीही माणसं होती. जिथे उभं केलं तिथे उभी राहिली, जिकडे तोंड करून दिलं तिकडे पाहिलं. गावात राहून आम्हीसुद्धा आपल्याच मागच्या बाजूकडे पाहायचं विसरलो होतो.

पहिल्या टीच्या मागे काय होतं? ते कुंपण. आणि कुंपणाच्या मागे आमचा रस्ता. गावाच्या बाजूने त्या काट्यांवर बेकरीचं पत्र्याचं छप्पर आडवं पडलं होतं, त्यामुळे तिकडूनही कोणाला काही दिसलं नव्हतं.

शिट्टी पळत सुटला. त्या वयाला तसं पळणारा माणूस मी पाहिला नाही. आम्ही सगळे मागोमाग, बाबा सर्वांत मागे, ताठ कमरेने. शिट्टी टीवर चढला, आयुष्यात पहिल्यांदा मैदानाकडे पाठ केली आणि खाली वाकून झुडपांत डोळे घातले.

‘लाल,’ तो म्हणाला. ‘वस्ताद, आत काहीतरी लाल आहे!’

बाबा थांबले. एवढं अंतर चालून आलेले, आणि शेवटचं थोडं त्यांच्याने चालवेना. मी त्यांचा हात धरला.

ती आत उभीच होती, सरळ. काट्यांनी तिला असं धरलं होतं, की कोणी मुद्दाम नेऊन ठेवली असं वाटावं. बाहेर काढायची तर कुंपण कापायला हवं होतं. माळी करवत घेऊन आला आणि शिट्टीच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. ही झुडपं शिट्टीने पोरांसारखी वाढवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शिट्टीने करवत मागून घेतली आणि स्वतः कापायला लागला. इस्त्रीचा शर्ट फाटला, हाताला रक्त आलं. बेकरीवाली मावशी पलीकडून पत्रा ओढत ओरडत होती, ‘अहो, मुळापासून कापा की! दाढी करताय का?’

फांद्या पडल्या आणि एक मोठी फट झाली. इकडून आम्हाला रस्ता दिसला आणि तिकडून रस्त्याला आम्ही दिसलो. कचऱ्याचे डबे, मोडकी भिंत, दोरीवर कोणाचा तरी परकर. शिट्टी बराच वेळ त्या परकराकडे पाहत होता. त्याला काय वाटलं ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही.

खुर्ची ओढून फटीसमोरच्या गवतावर आणली. रेग्झीन फाटलं होतं, एक हात वाकला होता. बाबांनी दांड्यावर पाय ठेवला, दाबला. सूंऽऽ असा आवाज झाला आणि खुर्ची आणखी खाली बसली. तेल गळून गेलं होतं. मग क्लबचा मेकॅनिक म्हणाला, गवत कापायच्या मोठ्या मशीनला असंच तेल लागतं, घालून पाहू. घातलं. बाबांनी पुन्हा पाय दाबला. खुर्ची कुरकुरली, थरथरली आणि बोटभर वर आली. मग आणखी बोटभर.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. टेम्पो मला रिकामाच न्यावा लागणार होता.

‘दुकान उभं राहीपर्यंत खुर्ची हॉलमध्ये ठेवा,’ शिट्टी म्हणाला. ‘आरसा आहे तिथे.’

‘हॉलमध्ये नको,’ बाबा म्हणाले. ‘इथे फटीतच मांडतो. गिऱ्हाईक दोन्हीकडून येईल. पण एक सांगतो सेक्रेटरीसाहेब, दुकान उभं राहिलं म्हणून ही फट बुजवायची नाही.’

आयुष्यभर ज्या माणसाने शिट्टी ऐकली की पायवाट सोडली, तो बोलत होता हे. शिट्टीने हातावरचं रक्त रुमालाने पुसलं. पुसत राहिला. मग म्हणाला, ‘काटे तेवढे छाटून घेतो. लोकांना लागतील.’

मी त्याला माफ केलं नाही. पण पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातावर ओतला. तेवढं मला जमलं.

बाबांनी एप्रन मागितला. मी घडी उलगडून त्यांच्या गळ्यात घातला आणि मागून गाठ मारली. पाठ पूर्वीपेक्षा अरुंद झाली होती. लोक रांग लावायला लागले, शिक्षिकाबाई पहिल्या. बाबांनी हात वर केला.

‘थांबा. आधी ही बसेल. लांबचं गिऱ्हाईक आहे, तिला जायचंय.’

‘मला काही कापायचे नाहीत बाबा.’

‘बस म्हणतो ना. हे कोणी कापलेत? मशीनने गवत कापतात तसे? शहरात कात्र्या मिळत नाहीत का?’

मी बसले. रेग्झीन ओलं होतं आणि काट्याचा तुकडा टोचत होता. खालून खट खट करत खुर्ची वर चढली, फटीतून गाव दिसलं, मग आणखी गाव दिसलं. बाबांचे हात डोक्यावर आले.

‘महिन्याला येत जा,’ ते म्हणाले. ‘केस वाढतातच.’

‘बघते.’

‘बघते नाही. येत जा.’

मला हो म्हणायचं होतं, पण खांदे हलायला लागले.

‘मान हलवू नकोस, बाय,’ बाबा म्हणाले. ‘कान जाईल.’