उरलेलं मेण

फडक्याला चिकटलेल्या मेणात ती दिसली तेव्हा आधी वाटलं वातच असणार – काळी, वळलेली, बाकीच्या वातींसारखीच – म्हणून तिनं नखानं ती उकरायला घेतली, तर निघता निघेना, नुसती लांबत गेली, आणि गरम पाण्यात बुडवल्यावर वरचं मेण सुटून आतून निळा रंग डोकावला. फीत होती. बोटभर लांबीची, एका टोकाला जळलेली, मधोमध गाठीची सुरकुती धरून बसलेली.

ती फीत तळहातावर घेऊन ती तशीच मोरीपाशी बसून राहिली. हात ओले, पाण्याला वाफ येतेय, आणि डोक्यात काहीच नाही. मग सगळं एकदमच आलं.

चर्चमधल्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे घरी आणायचे, त्यात घरातले तुकडे टाकायचे, डबा भरला की जुन्या पातेल्यात, खाली उकळतं पाणी ठेवून ते वितळवायचे, नवऱ्याच्या विरलेल्या बनियनमधून गाळायचे आणि आतून तेल लावलेल्या पाइपाच्या तुकड्यांत ओतायचे. हे तिला सासूबाईंनी शिकवलं होतं. देवानं दिलेलं टाकायचं नाही, त्या म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता साबणाचे झिजलेले तुकडे एकमेकांवर दाबून त्यांची नवी वडी करायच्या. त्या जाऊन कितीतरी दिवस झाले, पण त्यांचे हात काही गेले नाहीत. ते तिच्या मनगटांपुढे येऊन राहिले होते. तिनं विचार करायच्या आतच ते हात दोरा उचलत, कागद घडी घालून ठेवत, पिशवी झटकत, तुकडा डब्यात टाकत.

तुकडा डब्यात टाकत...

ती उठली. कपाटाच्या वरच्या खणात, चादरींच्या मागे, पुठ्ठ्याचा खोका होता. झाकण उघडलं. बाप्तिस्म्याचं टोपडं होतं, कापूस होता, कापसात मेणबत्तीच्या लांबीचा खळगा होता, आणि मेणबत्ती नव्हती.

मुलाच्या बाप्तिस्म्याला वेदीजवळच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली, धर्ममातेनं निळी फीत बांधलेली. पहिल्या कम्युनियनच्या विधीला घटकाभर पेटवली तेवढीच. तो घर सोडून गेला, जहाजावर लागला एवढंच कोणाकडून तरी कळलं, नंतर पत्र नाही, फोन नाही – तेव्हापासून अधूनमधून एखाद्या दुपारी नवरा छापखान्यात गेला की ती खोका काढायची, मेणबत्ती हातात धरायची आणि प्रार्थना करायची. पेटवायची मात्र नाही. पेटवली की कमी होणार. देवा, याला सांभाळ, एवढंच म्हणायची, आणि पुन्हा कापसात गुंडाळून ठेवायची.

आणि गेल्या आठवड्यात संध्याकाळी वीज गेली. ती शेजारणीकडे होती. परत आली तो घरात उजेड, नवरा टेबलाशी बसलेला, बशीत मेणबत्ती. चला, सापडली म्हणायची याला एकदाची, एवढंच तिच्या मनात आलं. कारण घरातल्या मेणबत्त्या ती त्याच्यापासून लपवूनच ठेवायची, हा माणूस वाचता वाचता अख्खी जाळून टाकतो म्हणून. तेव्हा तिनं पाहिलं नाही. पाहिलं कसं नाही? ज्योतीकडे कोण बघतं, ज्योतीच्या उजेडात काय दिसतं ते माणूस बघतो. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. ते दोघं शेंगा सोलत बसले, आणि कोण जाणे कशावरून, नवऱ्यानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मुलाचं नाव काढलं. नाव म्हणजे त्यांचं घरातलं. ताडमाड वाढलेल्या पोराला तो ठेंगू म्हणायचा. ठेंगू या खुर्चीत बसायचा तर गुडघे टेबलाला लागायचे, असं म्हणून तो हसला आणि तीही हसली. सकाळी बशीत खाली साठलेल्या मेणाचा गोळा होता. तो तिनं सुरीनं खरवडला आणि डब्यात टाकला. तिनं कुठला, हातांनी टाकला. तीच ती, हात तिचेच, दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नाही.

खिडकीत तिच्या मेणबत्त्या उभ्या होत्या. काल ओतलेल्या, आज पाइपातून काढलेल्या, करड्या, ओबडधोबड. एकेक उचलून तिनं वास घेतला. वजन जोखलं. वेड लागलंय मला, तिला वाटलं. एकाच पातेल्यातलं मेण, ते काय कुठे वेगळं बसणार आहे? थोडा थोडा सगळ्यांतच असणार तो.

दारावर टकटक झाली. चर्चची साफसफाई आणि घंटा बघणारे काका होते. त्यांना सगळे घंटाकाका म्हणत.

"इस्त्रीवाली म्हातारी गेली गं पहाटे," ते म्हणाले. "दुपारी माती आहे. तिचं कोण आहे मेणबत्त्या आणायला? म्हटलं, तुझ्याकडे असतील."

इस्त्रीवाली. कोपऱ्यावरच्या खोलीत जन्मभर इतरांचे कपडे चोपून बसवत आलेली. काकांशी बोलताना तिची पाठ खिडकीकडे होती आणि मागे त्या मेणबत्त्या उभ्या होत्या, आणि तिला वाटलं त्या ऐकताहेत.

"काल ओतल्यात," ती म्हणाली, "पण अजून आळल्या नाहीत."

चर्चच्या माणसाशी सरळ सरळ खोटं. तिचं तिलाच नवल वाटलं, किती सहज आलं ते तोंडात.

"काल ओतल्यास ना? बरं. दुपारपर्यंत आळतील की. नाहीतर मग तशीच नेऊ बिचारीला."

ते गेले. ती पुन्हा त्या मेणबत्त्यांपुढे. शकुन-अपशकुन मानणाऱ्यांतली ती नव्हती, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या शेजारणीला तीच हसायची. पण जिवंत मुलाची मेणबत्ती शवपेटीपाशी... कुठल्या समुद्रावर असेल तो, कुठल्या उंच शिडीवर, आणि इथे त्याचं मेण प्रेताच्या उशाशी जळत, सरत, संपत जाणार. मेण ते मेण, असं ती स्वतःला बजावत होती, आणि मेण ते मेण असेल तर इतके दिवस मी कापसात काय जपत होते, असं तिचंच मन उलट विचारत होतं. मग नाहीच द्यायच्या. ओल्या निघाल्या म्हणायचं. म्हातारी काय बघायला येणार आहे?

पण म्हातारीच तर बघायची सगळं. मुलाच्या शर्टाची कॉलर विरली की ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवायची, ही तिची, म्हणजे आईची पद्धत. आणि म्हातारी त्या उलटवलेल्या कॉलरला जास्तीची खळ लावून अशी कडक इस्त्री करायची की शिवण कुणाच्या नजरेत येऊ नये. कधी त्याबद्दल बोलली नाही. फक्त म्हणायची, आमच्या उंटाचा शर्ट झाला गं. मुलगा मात्र बोलला. पहिल्या पगाराचा नवा कोरा शर्ट घालून दारात उभा राहिला, उलट्या कॉलरचा खुर्चीवर टाकलेला, आणि म्हणाला – आवाजही चढवला नाही त्यानं – आई, तू जीवसुद्धा हातचा राखून लावतेस.

खुर्चीवरचा तो शर्ट उचलून तिनं घडी घातली होती.

नवरा जेवायला आला. बोटांना शाई. तिनं वाढलं, बसली, आणि फीत त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

त्यानं ती ओळखली; शाई लागू नये म्हणून बोट मागे घेतलं.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"अंधारात नव्हतं माहीत. चादरींच्या मागे हाताला लागली, लावली. लावल्यावर फीत दिसली."

"मग विझवली का नाहीत?"

त्यानं घास ताटात ठेवला. "विझवणार होतो. तेवढ्यात तू आलीस. समोर बसलीस, शेंगा घेतल्यास... म्हटलं, असू दे. जळतेय तोवर असू दे. किती दिवस गुंडाळून ठेवणार आहेस त्याला?"

तिला राग आला, खूप राग आला, आणि त्या रागाखाली ती संध्याकाळ तशीच उजळ बसलेली होती, हलायला तयार नव्हती. त्याचे गुडघे टेबलाला लागायचे. ते हसू त्याच मेणाचं होतं. खोक्यातून काढून, हातात धरून, परत ठेवून तिनं इतक्या दुपारी काढल्या, पण त्यांतल्या एकाही दुपारी तिला त्याचे गुडघे आठवले नव्हते.

"जेवा," ती म्हणाली. "माती आहे दुपारी."

तिनं मेणबत्त्या कागदात गुंडाळल्या. एक मागे ठेवावी म्हणून हात पुढे झाला, सासूबाईंचाच तो, अडीअडचणीला एक असू दे म्हणणारा. तिनं तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ती मागची मेणबत्तीही कागदात घातली.

चर्चमध्ये मोजकी माणसं होती. पेटी लहानशी; म्हातारी शेवटी शेवटी आटूनच गेली होती. घंटाकाकांनी मेणबत्त्या दोन्ही बाजूंना लावल्या, एक उरली ती पायथ्याशी ठेवली, आणि कौतुकानं तिच्याकडे बघून मान हलवली. मिस्सा, मयताची उपासना, सुरू झाली. फादर वाचत होते, लोक उत्तरं देत होते, तिचे ओठही हलत होते. म्हातारीसाठी प्रार्थना करायला हवी, तिला कळत होतं. पण डोळे एका ज्योतीवरून दुसरीवर जात होते... तू कुठे आहेस? इथे? का त्या तिकडच्या, काजळी धरलेल्या?

पायथ्याची मेणबत्ती दाराच्या झोतात होती. तिची ज्योत आडवी पडायची, निळी व्हायची, आता गेली असं वाटेपर्यंत खाली दबायची. आता हिनं विझू नये, एवढंच तिच्या मनात उरलं. आणि मग तिला नीट ऐकू आलं, इतके महिने ती काय मागत होती ते: याला सांभाळ म्हणजे याला ठेव. जसाच्या तसा ठेव. कमी होऊ देऊ नकोस, खर्च होऊ देऊ नकोस, परत आणून माझ्या खोक्यात घाल.

जागेवरून उठून आडोसा करावा, ओंजळ धरावी... तिचे हात उठलेही. नवऱ्यानं वळून पाहिलं. तिनं ते हात परत मांडीवर घेतले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले.

ज्योत पुन्हा उभी राहिली, लांब झाली, कडेनं मेण भराभर ओघळायला लागलं. किती वाया जातंय. जळ, ती मनातल्या मनात म्हणाली. जळ रे ठेंगू. आईच्या तोंडी शोभणारा शब्द नव्हता तो. तरी तिनं तो परत घेतला नाही. मिस्सा संपली. लोक पेटी उचलायला पुढे झाले, आणि घंटाकाका सवयीनं ज्योती चिमटीनं विझवायला निघाले, तुकडे तिला परत द्यायला.

"काका," ती म्हणाली, "राहू द्या ना. जळू द्यात."

बाकीचे पेटीमागून बाहेर गेले. नवरा दारात तिच्यासाठी थांबला. ती बाकावरून उठली नाही. तिला भीती वाटत होती, सकाळपेक्षाही जास्त, आणि ती मेणाकडे न बघता त्याच्या उजेडात काय दिसतं ते बघत बसली.