मंजिरीकडचं ऊन

आमच्या घरी रोज सकाळी येणारं ऊन माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने फोडलं. लोक धुण्याभांड्याची बाई फोडतात, स्वयंपाकाच्या मावशी फोडतात, हे इतकी वर्षं रत्नागिरीत राहून मी पाहिलं आहे. ऊन फोडणारी मात्र आमची मंजिरी पहिलीच.

दूधवाला येऊन गेला की ऊन आमच्याकडे यायचं. हॉलच्या खिडकीतून आत, मग घटकाभर दिवाणावर टेकायचं, मग फरशीवरून सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, आणि कुकर झाला की निघून जायचं. पावसाळ्यात ते रजेवर असतं. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, सगळ्यांकडचंच असतं. पण मध्ये उघडीप मिळाली की ते हमखास डोकावून जायचं, आणि तेवढ्यावर मी पुढचे आठ-दहा दिवस काढायची. या वर्षी श्रावणात पहिली उघडीप आली आणि मी खिडकीत बसलेली असताना, माझ्या डोळ्यांदेखत, ते आमच्या कठड्यावरून मागे वळलं आणि समोरच्या इमारतीत मंजिरीकडे गेलं. तिची गॅलरी पश्चिमेला आहे. सकाळच्या उन्हाचं तिथे कामच काय? आणि ती जागाही तिला मीच बघून दिलेली. ताई समोर असली की बरं, असं म्हणाली होती तेव्हा.

मी लगेच फोन लावला.

"मंजू, माझं ऊन तुझ्याकडे आलंय."

"हो अगं, आत्ताच आलं. चहाच ठेवतेय."

"ते माझं आहे."

"ताई, मी काही बोलवायला गेले नव्हते हं. आपणहून आलं. दारात आलेल्याला नको कसं म्हणायचं?"

"परत पाठव."

"पाठवते की. जरा टेकू तर दे त्याला."

पाठवलं नाही. पुढच्या उघडिपीलाही नाही. ही लहानपणापासून अशीच, तोंडावर गोड आणि हात आपला दुसऱ्याच्या ताटात.

कुणी म्हणेल, उन्हासाठी एवढा कांगावा कशाला? तर सांगते. ऊन नसलं की आमचं घर लांबतं. आषाढ लागला की आधी पॅसेज वाढतो. मग स्वयंपाकघर हळूहळू मागे जातं आणि पलंगावरून ओटा दिसेनासा होतो. गेल्या वर्षी ते इतकं मागे गेलं की सकाळी चहा करायला निघाले तर पोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि पोचल्यावर कशाला आले तेच आठवायचं नाही, नुसतं रडू यायचं. मग मी जाणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडले ती दसऱ्यापर्यंत. मकरंद, म्हणजे माझा नवरा, खानावळीतून डबा आणायचा, पलंगाशेजारी ठेवायचा आणि ऑफिसला जायचा. तेव्हा तो काही बोलला नाही, हे मी त्याचं चांगलं धरलं होतं.

या वर्षी मला पडून चालणार नव्हतं. आमची एकुलती एक ऋजुता बाळंतपणाला येणार होती. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं, त्यात दुमत नाही. अळीव, डिंक, शेकशेगडी, सगळं मी करणार होते. आणि बाळाला सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं तर घरात ऊन नको का?

म्हणून मी, कुणी न सांगता, एकटी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून मान हलवली.

"डी जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय. दर रविवारी ही एक पुडी दुधातून घ्या. आणि रोज सकाळी थोडं ऊन घ्या."

"ऊन बहिणीकडे जातं."

"मग बहिणीकडे जा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

पुडीने फरक पडला, खोटं कशाला बोलू? दोन-तीन रविवार गेले आणि ओटा दिसायला लागला. आधी धूसर, मग त्याच्यावरचा मिसळणाचा डबासुद्धा. एका सकाळी मी पलंगावरून उठले, मध्ये कुठेही न बसता स्वयंपाकघरात पोचले, कांदेपोहे केले, आणि मकरंदपाशी बशी नेईपर्यंत ते गरम होते.

"अरे वा," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने. मला आपलं वाटलं, बिचाऱ्याला भरून आलं असेल.

पुढची उघडीप आली तशी मी नाक मुठीत धरून मंजिरीच्या दारात गेले. म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय, आता मान कसला आणि अपमान कसला. मंजिरीने दार उघडलं आणि ती बाजूला झालीच नाही. मी तिच्या हाताखालून आत शिरले.

ऊन तिच्या सोफ्यावर ऐसपैस बसलं होतं. मी शेजारी जाऊन बसले. ते उठलं आणि खुर्चीवर गेलं. मी खुर्चीत बसले तर ते टीव्हीच्या टेबलावर गेलं. ज्याच्यासाठी मी दर शनिवारी दिवाणावरची चादर बदलली, पडदे बाजूला सारले, खिडकीतली तुळससुद्धा हलवली, त्याने मला ओळखही दाखवली नाही. मी हात पुढे केला तर माझा हात तेवढा सावलीत राहिला.

तेवढ्यात गॅलरीतून खोकल्याचा आवाज आला. मकरंदचा. बनियनवर बसून पेपर वाचत होता.

"तू फिरायला गेला होतास ना?"

"इथेच येतो मी फिरायला," तो म्हणाला.

मग मला बाकीचं दिसलं. छताच्या कड्यांना पाळणा टांगलेला होता. दोरीवर झबली, टोपडी आणि दुपटी वाळत होती, धुऊन मऊ केलेली. कोपऱ्यात शेगडी. डिंकाचा डबा तर माझाच होता, झाकणावर माझं नाव कोरलेला.

"हे काय आहे?"

मंजिरीने मकरंदकडे बघितलं. मकरंदने पेपरची घडी घातली, ती उलगडली आणि परत घातली.

"ताई, चिडू नकोस हं," मंजिरी म्हणाली. "ऋजुता इकडेच उतरेल. तुला झेपायचं नाही."

"मला विचारलंत?"

"विचारायला आलो होतो," मकरंद म्हणाला. "तू भिंतीकडे तोंड करून होतीस."

"ते आषाढात, पुडीच्या आधी! आता मी पोहे केले. तू खाल्लेस."

"चांगले झाले होते. पण उद्याचं काय सांगता येतं?"

"आणि ऊन? ते कुणी आणलं इथे?"

"मी," मकरंद म्हणाला. "रोज यायचं, दिवाणावर बसायचं, आणि तू त्याच्याकडे पाठ करून. वाया जात होतं गं वृषाली. एक दिवस बोट धरलं आणि इकडे आणून सोडलं. त्याला रस्ता कळायला वेळ लागला नाही."

"ऋजुताला माहीत आहे हे?"

"तिनेच सुचवलं, मावशी," असं म्हणत मंजिरीने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की मावशी ती आहे, मी आई आहे. "म्हणजे, ताई," ती म्हणाली.

मला कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. नवरा, बहीण, पोटची पोर, आणि वर ते मेलं ऊन. सगळे मिळून माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या समोरून उचलून घेऊन गेले, आणि वर मलाच चहा विचारत होते. मी चहा घेतला नाही. मी तिथे रडलेही नाही. जिन्यात रडले.

घरी आले तर पॅसेज पुन्हा लांबला होता, आणि या खेपेला घर नुसतं लांबलं नाही, अरुंदही झालं. कणकेचा गोळा ओढला की बारीक होतो तसंच ते, कणीक काही वाढत नाही. मला पॅसेजमधून आडवं चालावं लागायचं. पुढे ऋजुता आली, तिच्या मदतीला म्हणून मकरंद तिकडेच राहायला गेला, आणि दर रविवारी त्याचा फोन यायला लागला.

"पुडी घेतलीस?"

"दूध आणायला निघालेय."

"कुठवर पोचलीस?"

"देवघरापाशी बसलेय जरा."

"बरं. सावकाश जा," तो म्हणायचा. पाठीमागे मंजिरीच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि भांड्यांचा, आणि माझ्या लेकीचा. मी पाण्याची बाटली आणि शाल घेऊन पुढे निघायची. कधी ओटा गाठायची, कधी अर्ध्यातून परत यायची. पुड्या तिकडे फडताळात, मी इकडे पलंगावर.

पावसाने या वर्षी गणपती ओलांडले, नवरात्र ओलांडलं. मग ऋजुताचा फोन आला.

"आई, मुलगा झाला. सगळं छान आहे."

"मी येते."

"आई, तू आराम कर ना. इथे मावशी आहे."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? बाहेरचं दार तोवर स्वयंपाकघराच्याही पलीकडे गेलं होतं आणि मधली भिंत इतकी जवळ आली होती की माझे खांदे मावत नव्हते. पलंगाशेजारची खिडकी तेवढी होती तिथेच राहिली होती. मी सगळा दिवस त्या खिडकीत बसायला लागले. मंजिरीची गॅलरी तिथून नीट दिसते. बाळ मात्र दुपट्यात गुंडाळलेलं, मला नुसतं दुपटं दिसायचं.

एका सकाळी पाऊस थांबला. मंजिरीने गॅलरीत गोधडी अंथरली आणि बाळाला उघडं करून तिच्यावर ठेवलं. ऊन तिच्या हॉलमधून बाहेर आलं आणि बाळामागे बसलं. त्यामुळे बाळाची सावली आमच्या बाजूला पडली. ती कठड्यातून खाली उतरली, सोसायटीच्या अंगणातून, उभ्या केलेल्या स्कूटरांवरून पुढे आली, आमच्या भिंतीवर चढली, आणि खिडकीच्या गजांतून माझ्या मांडीवर येऊन पडली. अख्खी होती. दोन मुठी, दोन पाय, डोक्यावर थोडं जावळ. गार पडली होती.

उशाशी डोक्याला लावायचं खोबरेल होतं. मी ते तळहातावर घेतलं, चोळून कोमट केलं आणि सावलीला लावायला घेतलं. आधी टाळू भरली. मग छाती, मग दंड. सावलीने आळस दिला. माझी चादर तेलकट झाली, होऊ दे. मी तिचे पाय पोटाशी दुमडले आणि सरळ केले, ऋजुताचे करायची तसेच. तिने माझं बोट मुठीत धरलं. आषाढापासून माझ्या हातांत एवढी ऊब आली नव्हती.

समोर मंजिरीने बाळाला उचललं आणि आत नेलं. सावली माझ्याकडेच राहिली.

थोड्या वेळाने ऋजुता किंचाळली. मग तिघं गॅलरीत आली. त्यांनी गोधडी झटकली, कुंड्या सरकवल्या, दोरीवरची झबली एकेक करून उलटी केली. ऊन त्यांच्यामागे कोपऱ्याकोपऱ्यात शिरून शोधत होतं. मग मकरंदने मान वर केली आणि सरळ माझ्या खिडकीकडे बघितलं. मी खिडकी लावून घेतली.

पलीकडे, फार लांब, दारात त्याची किल्ली फिरली. "वृषाली!" त्याने हाक मारली. मग मंजिरीने, मग ऋजुताने, "आई, आई गं!" त्यांना इथवर पोचायला संध्याकाळ होणार होती. मी सावलीला पालथं घातलं आणि पाठीला तेल लावायला घेतलं.