सगुणा तेलिणीचा जवस

सगुणा तेलिणीचं तोंड सकाळी कुणी बघत नसे. कामाला निघालेल्या माणसाच्या वाटेत तेली आडवा आला की काम फिसकटतं, असा पुण्यात पक्का समज होता, आणि पुण्याचा समज एकदा पक्का झाला की त्यावर बोलायची सोय नसते. देवापुढच्या समईला तेल्याचं तेल चालायचं, केसांना चालायचं, फोडणीला चालायचं. तोंड तेवढं चालायचं नाही. त्यामुळे सगुणा दिवस चांगला वर आल्याशिवाय वेताळ पेठेतल्या आपल्या घराबाहेर पडत नसे, आणि पडली तरी भिंतीकडेनं, पदर नाकापर्यंत ओढून चालत असे. अशी वीस वर्षं झाली होती. तिला त्याचं काही वाटेनासं झालं आहे, असं लोक म्हणायचे. तिला विचारलं कुणीच नव्हतं.

घरी नवरा गेनबा, एक लाकडी घाणा आणि तो ओढणारा हरण्या बैल. मूलबाळ नव्हतं. हरण्याला वासरू असल्यापासून तिनं पेंड चारून वाढवला होता. घाण्याला जुंपताना त्याच्या डोळ्यांवर झापड बांधायची ती तिनंच. तो तिच्या हातूनच बांधून घ्यायचा, गेनबाच्या हातून नाही.

कर्नाटकातल्या मोहिमा चालू होत्या ते दिवस. पलीकडच्या आळीतले सर्जेराव शिलेदार अशाच एका मोहिमेवरून परत आले ते पोट बिघडवून. छावणीत महिनोन् महिने कोरडी भाकरी आणि भाजलेले चणे खाऊन त्यांचा कोठा असा बांधला गेला होता की चार-चार दिवस मोकळं होणं नाही. अंग जड, गुडघे आखडलेले, आणि स्वभाव मुळात तिखट होता तो आणखी तिखट. वैद्यांनी रेचक दिलं. त्यानं दोन दिवस धावपळ झाली आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. पंचवीस घोड्यांच्या पागेचा धनी, आणि घोड्यावर चढायला दोन माणसं लागायची. दसऱ्याला पुन्हा मोहीम निघणार होती. शिलेदाराला घोड्यावर बसता आलं नाही तर पागा दुसऱ्याच्या हाताखाली जाते, ही धास्ती साऱ्या घराला पडली होती.

सगुणा त्या घरी मागच्या दारानं तेल घालायची. एकदा तेल मापून घेताना सर्जेरावांची बायको मंदाकिनीबाई डोळ्यांतलं पाणी पुसताना तिला दिसली.

"बाईसाहेब, जवस देऊन बघा की," सगुणा म्हणाली.

"जवस? तो तर तुम्ही गाळता घाण्यात."

"गाळतो बी आन् खातो बी. आमच्यात कुणाचा कोठा बांधलेला बघितलाय का तुमी?"

मंदाकिनीबाईंनी तेल्यांच्या कोठ्याचा कधी विचारच केला नव्हता. सगुणा पुढं बोलली.

"पर औषध म्हणून देऊ नगा. औषध मानूस चार दिस खातो आन् सोडतो. रोजच्या भाकरीसंगं द्या, मूठभर न्हवं, दोन चिमटी. वरनं तांब्याभर पानी प्यायलाच पायजे, न्हाईतर उलटंच व्हायाचं. आन् कच्चा तर बिलकूल नगं. कच्चा जवस पोटात तसाच बसून ऱ्हातो."

आता तेलिणीच्या घरचं खायचं कसं, हा प्रश्न आलाच. मंदाकिनीबाईंनीच तो सोडवला. पाणी लागलेलं चालत नाही, पण कोरडं भाजलेलं चालतं. सगुणेनं नुसतं भाजून, कुटून आणायचं, मीठ-मिरची-लसूण घरात घालायचा. धर्मही राहिला आणि कोठाही सुटायची सोय झाली.

तेव्हापासून सगुणेचा नेम झाला. हडपसरच्या काळ्या रानातला जवस ती निवडून घ्यायची, टपोरा, तेलकट चकाकीचा. मंद आचेवर खापर ठेवायची आणि हातानं फडकं फिरवत बसायची. जवस भाजायला जीव थाऱ्यावर लागतो. आच वाढली की वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. दाणे एकेक करून तडतडायला लागले, खमंग वास सुटला, की क्षणभरही खापरावर ठेवायचा नाही. मग उखळात जाडसर कुटायचा. आठवड्याचं एकदम कुटून ठेवणं तिला पसंत नव्हतं, शिळ्या कुटाला खवट वास येतो. एक दिवसाआड ती ताजी पुडी घेऊन मागच्या दाराशी उभी राहायची.

श्रावण सरला तोवर सर्जेरावांना रोज सकाळी मोकळं व्हायला लागलं होतं. भादव्यात ते कुणाचा हात न धरता घोड्यावर बसले. वैद्यांनी आपल्या मात्रेचा गुण सांगितला आणि शेला घेऊन गेले. सर्जेराव मात्र आतून ओळखून होते. एक दिवस सगुणा पुडी द्यायला आली तेव्हा ते स्वयंपाकघरात जेवत होते. मागचं दार अर्धं लोटलेलं होतं, आणि ती रिवाजाप्रमाणे दाराआड, भिंतीला लागून उभी होती. त्यांनी आतूनच विचारलं,

"जवसवाली तूच का?"

"व्हय सरकार."

"तुझ्या चटणीनं मला पुन्हा माणसात आणलं. काय पाहिजे ते माग."

सगुणेला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. लुगडं मागावं, दाणे मागावेत, असं काही तिच्या मनात आलं नाही. मनात आलं ते एकच, कारण दर मोहिमेला तीच भीती असायची.

"सरकार, फौज निघाली की पेठंतले बैल वेठीला धरत्यात. वझं वाहाया. आमचा हरण्या एकलाच हाय. त्यो गेला तर घाणा बसला. आन् सरकार, त्यो घाण्याचा बैल, त्याला गोल फिरायची सवं. सरळ वाटंनं चालायचं त्याला ठावंच न्हाई. तुमच्या काय कामाचा? त्याला तेवढा सोडा."

आत सर्जेराव हसले. "सोडला. जा. माझा शब्द आहे."

ती घरी आली आणि गेनबाला सांगताना रडली. त्या रात्री हरण्याला तिनं पेंडीचा जास्तीचा गोळा घातला. शब्द दिलेल्या माणसानं आपलं तोंड कधी पाहिलेलं नाही, ही गोष्ट तिच्या लक्षातही आली नाही.

दसऱ्याच्या दिवशी फौज गारपिराच्या माळावर गोळा व्हायची होती. शहरभर गडबड होती. घोडी सजत होती, दारोदार तोरणं होती. मुहूर्त सकाळचाच होता, म्हणून सगुणा घरात दार लावून बसली होती. दारावर थाप पडली ती सर्जेरावांच्या पागेवरच्या जयसिंगाची. त्याच्याबरोबर चार माणसं होती आणि मागे सात बैलांची दावण.

"बैल सोड," तो गेनबाला म्हणाला.

"ह्याला सोडायचा शबुद हाय. सर्जेराव सरकारांचा," सगुणा मध्ये पडली.

जयसिंगानं तिच्याकडे न बघता विचारलं, "लेखी आहे का?"

"तोंडी हाय."

"असं. मग राव तुझ्याशी बोलायला तुझ्या घरी आले असतील." त्याची माणसं हसली. "मला आठ बैल भरायचे आहेत, सात झाले. राव घटकाभरात निघतील. एवढा शब्द असेल तर त्यांच्याकडून वदवून आण, सोडतो."

हे बोलताना त्याला पक्कं ठाऊक होतं की तेलीण आज त्या दाराशी जाऊच शकत नाही. म्हणूनच तो बोलला.

गेनबानं तिचा हात धरला. "नगं जाऊ. आज तुजं तोंड त्येंनी बघितलं तर ह्यो बैल जाईल आन् आपुनबी जाऊ."

ती हात सोडवून निघाली. आधी मागच्या दाराकडेच गेली. एरवी अर्धं उघडं असणारं ते दार आज आतून कडी घालून बंद होतं. तिनं हलकेच वाजवलं.

"कोण?" मंदाकिनीबाईंचा आवाज आला.

"म्या सगुणा. बाईसाहेब, आमचा बैल धरलाय. सरकारांनी शबुद दिला व्हता, तुमी ऐकलाय. नुसतं आठवन करून द्या त्यांस्नी. म्या हितंच ऱ्हाते."

आत बांगड्या वाजल्या, म्हणजे त्या दाराजवळच होत्या. "आज नको गं सगुणे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निघताना पायांवर पाणी घालायची वेळ झालीय. या वेळी त्यांच्यापुढं असलं काही काढता यायचं नाही. तू जा बाई. आज तर तू इथं उभी पण राहू नकोस."

"दोन शबुद हायती, बाईसाहेब."

बांगड्या वाजत लांब गेल्या. सगुणेला संताप आला, असा की कानशिलं तापली. चार महिने हिच्या हातावर पुडी ठेवली, हिच्या नवऱ्याच्या शौचाची खबर दर खेपेला हिनं मला सांगितली, हसलो दोघी. आणि आज दोन शब्द बोलायला हिची जीभ विटाळते.

ती वळसा घालून पुढच्या दाराशी आली.

घोडा दाराशी उभा होता, मोतद्दार लगाम धरून. भटजी अक्षता घेऊन तयार होते. सर्जेराव उंबऱ्याबाहेर आले, कपाळावर कुंकू, पागोट्यात आपट्याची पानं. अंगानं भरले होते आणि पावलं हलकी पडत होती. त्यांना असं चालताना सगुणा पहिल्यांदाच बघत होती, आणि एवढ्या रागातही तिला क्षणभर बरं वाटलं. आपला जवस चालतोय, असं तिला वाटलं. मग ती गर्दीतून पुढं झाली आणि वाटेत उभी राहिली.

"तेलीण," कुणीतरी म्हणालं. भटजींचा हात अक्षतांसह तसाच राहिला.

"सरकार," ती म्हणाली, "म्या जवसवाली. तुमी शबुद दिला व्हता. आमचा हरण्या धरून नेत्यात."

सर्जेरावांनी आवाज ओळखला. तिनं ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट पाहिलं. दाराआडून चार महिने ऐकलेला आवाज कुणाचा, ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचं तोंड उघडलंही. आणि मग भोवती पाहून त्यांनी ते मिटलं, डोळेही मिटले, आणि मान दुसरीकडे फिरवली.

"मुहूर्त मोडला," भटजी म्हणाले. "आत चला. जोडे काढा, गूळपाणी घ्या, घटकाभर बसा. पुढची वेळ बघतो."

सर्जेराव आत गेले. दोघांनी काठ्या आडव्या धरून सगुणेला रस्त्याच्या कडेला रेटलं. कुणी मारलं नाही. तेलिणीला हात लावून पुन्हा आंघोळ कोण करणार, असं एकजण म्हणाला तेवढंच. थोड्या वेळानं सर्जेराव मागच्या दारानं निघून गेले. तेच दार, ज्याच्या आड ती चार महिने उभी राहिली होती, त्यांच्यासाठी सताड उघडलं गेलं.

ती घरी परतत होती तेव्हा बैलांची दावण रस्त्यानं चालली होती. शेवटचा हरण्या. पाठीवर दोन गोणी होत्या आणि तो दर चार पावलांवर डावीकडे वळत होता. चाबूक बसला की सरळ व्हायचा, पुन्हा वळायचा. त्याच्या गोणीवर एक मातीचा बुधला दोरीनं घट्ट बांधला होता. तो तिनं ओळखला. मोहिमेत राव चटणीवाचून राहायला नकोत म्हणून मंदाकिनीबाईंनी मोहीमभर पुरेल एवढा जवस, न कुटता, तिच्याकडून भाजून घेतला होता, परवाच.

हिवाळाभर घाणा गेनबानं आणि सगुणेनं ओढला. एक जण जू छातीशी घ्यायचा, दुसरा मागून लोटायचा. गेनबाला खोकला लागला तो गेला नाही. मग ती एकटीच ओढायची आणि तो वर बसून बिया सारायचा. लोक तेल न्यायला यायचे, बघायचे, आणि माप नीट भरलंय का तेवढं पाहून जायचे.

फाल्गुनात फौज परतली. दुसऱ्याच दिवशी त्या घरची कुणबीण आली. "रावांनी आल्या आल्या चटणी मागितली. बाईंनी ताजी बोलावलीय."

सगुणा रिकाम्या हातानं गेली. मागचं दार नेहमीसारखं अर्धं लोटलेलं होतं. ती भिंतीला लागून उभी राहिली. आत सर्जेराव जेवत होते, आवाज खणखणीत होता.

"कोण, जवसवाली? अगं, छावणीत निम्मी माणसं पोटानं आडवी झाली. मी एक धडधाकट. सगळ्यांना सांगितलं मी, रोज दोन चिमटी आणि वर तांब्याभर पाणी."

"सरकार," ती म्हणाली, "आमचा बैल?"

आत भाकरी मोडल्याचा आवाज आला. राव खरंच आठवून बघत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं.

"कोणता बैल?"

मंदाकिनीबाई दाराशी आल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं आणि हळूच म्हटलं, "उद्या आण हं. फार वाट बघतात."

घरी येऊन तिनं खापर चुलीवर ठेवलं. जवस ओतला. कच्चाच कुटून द्यावा, असं तिच्या मनात आलं. मिरची-लसणात कुणाला कळणार नव्हतं. आठ दिवसांत रावांचा कोठा पुन्हा बांधला गेला असता, दोन माणसं लागली असती घोड्यावर बसायला. ती खापराकडे बघत राहिली आणि हे करायचंच, असं तिनं मनाशी ठरवलंही.

मग दाणे तडतडायला लागले आणि तिचा हात फडकं घेऊन फिरायला लागला. गोल, डावीकडून, न थांबता. वास खमंग सुटला तेव्हा तिनं वेळेवर खापर उतरवलं. एक दाणा करपला नव्हता, एक कच्चा राहिला नव्हता. आपल्या हाताची तिला अशी चीड कधीच आली नव्हती.