वहिनींचे सोमवार

ऑफिसात त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा धाकटा दीर पूर्वी आमच्यातच होता, तो म्हणायचा म्हणून आम्हीही. दीर नोकरी सोडून गेला, नातं मात्र आमच्याकडे ठेवून गेला.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुठल्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठली कधी बाद होणार, हे सांभाळणारं. काम करणारे बत्तीस जण आणि मोठ्या सर्व्हरवर आमचे नऊ सामाईक सेटअप. सेटअप म्हणजे कामाची तयार खोलीच समजा : तीच हत्यारं, चाचणीसाठी तोच खोटा डेटा, आणि एकेका खोलीत तीन-चार माणसं. एका खोलीतलं हत्यार नवं आणि दुसऱ्या खोलीतलं जुनं राहिलं, की इथे चालणारा प्रोग्राम तिथे चालत नाही आणि दिवस भांडणात जातो. म्हणून दर सोमवारी नऊही सेटअप अपडेट करायचे. ते वहिनी करत. सकाळी सातला येऊन हाताने, एकेक करून. दहाला आम्ही उगवायचो तेव्हा सगळं जागच्या जागी असायचं. नऊ वर्षं हे असं चाललं. त्या नेमकं काय करतात, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारावं लागेल असं काही कधी घडलंच नाही.

मग त्यांच्या आईला डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागणार असं ठरलं. डॉक्टर मिळायचे ते फक्त सोमवारी सकाळी. नऊ वर्षांत पहिल्यांदा वहिनींनी साहेबांकडे काहीतरी मागितलं. साहेबांनी मला बोलावलं.

"हे काम आपोआप होईल असं करता येईल?"

"दोन दिवसांचं काम आहे," मी म्हणालो. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

वहिनींनी मला सतरा पायऱ्यांची यादी लिहून दिली. मी ती जशीच्या तशी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये उतरवली, वेळ लावली सोमवार सकाळी सात, आणि त्यांना दाखवायला नेली. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"सुबक लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण हे कुणाला काही विचारत नाही रे."

"कुणाला विचारायचंय?"

"मलाही धड सांगता येत नाहीये. जाऊ दे, चालवून बघ."

पहिल्या सोमवारी नऊही सेटअप चौदा मिनिटांत अपडेट झाले. तीन तासांचं काम चौदा मिनिटांत! मिशांना पीळ द्यायचाच काय तो बाकी होता. सव्वादहाला टेस्टिंगची शंका माझ्या टेबलाशी आली. ती दिसेल त्या गोष्टीवर शंका घेते म्हणून तिला शंका म्हणतात, आणि पगारही तिला त्याचाच मिळतो.

"माझी चाचणी कुठे गेली?" तिने विचारलं. आवाज शांत होता, तोच जास्त लागला.

तिने शुक्रवारी तीन दिवस चालणारी चाचणी लावली होती. सव्वादोन लाख खोट्या पिशव्या, त्यांच्या तारखा, गट, सगळी मांडणी पंधरा दिवस खपून केलेली. माझ्या स्क्रिप्टने सकाळी सातला, अपडेटची पहिली पायरी म्हणून, तो सेटअप पुसून लख्ख केला होता. माझी पाचावर धारण बसली.

वहिनी बारा वाजता आल्या, आईला बहिणीकडे सोडून. शंकाचं ऐकून घेतलं आणि मशीनसमोर बसल्या. वीस मिनिटांत शंकाची मांडणी जशीच्या तशी परत आली. दर शुक्रवारी निघताना वहिनी नऊही सेटअपची एकेक प्रत बाजूला काढून ठेवत. चाचणी पुन्हा लावावी लागली, तीन दिवस गेलेच. पण पंधरा दिवस वाचले.

"हे यादीत नव्हतं, वहिनी." माझा सूर थोडा तक्रारीचाच होता.

"नव्हतंच. मला ते काम वाटतच नव्हतं. खोलीतून जाताना दिवा मालवतो ना आपण, तसं व्हायचं ते हातून. चूक माझीही आहे." मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी बस माझ्याशेजारी. मी करीन, तू प्रत्येक वेळी 'का' विचार. कंटाळलास तरी विचार."

तीन आठवडे मी 'का' विचारत होतो. आधी स्वतःचाच सेटअप का? मोडला तर आपला मोडावा म्हणून. मग अर्धा तास थांबायचं का? काही बिघाड लगेच दिसत नाहीत, सवड दिली की तोंड वर काढतात. या सेटअपला आज हात का नाही लावला? आत कुणाचं तरी काम चालू आहे. सतरा पायऱ्यांच्या पोटातून चव्वेचाळीस निघाल्या. मी थक्क झालो. ज्या कामाला आम्ही बटणं दाबणं समजत होतो, त्यात बत्तीस माणसांची काळजी नऊ वर्षं बिनबोभाट वाहिली गेली होती.

आणि त्या नुसत्या सांगून थांबल्या नाहीत. विचारण्याचा भाग त्यांनी स्वतः लिहिला. स्क्रिप्ट लिहायची त्यांना सवय नव्हती, पहिल्या दिवशी अकरा ओळींत नऊ चुका झाल्या. त्या मोठ्याने हसल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या. आता शुक्रवारी दुपारी प्रत्येकाला निरोप जातो : सोमवारी अपडेट आहे, थांबवायचं असेल तर सांगा. 'थांब' म्हटलं की तो सेटअप वगळला जातो. आधी प्रत निघते, मग एकच सेटअप, मग अर्धा तास, मग बाकीचे. कुठे बिघडलं तर जुनं होतं तसं परत.

चालू करण्याआधी वहिनींनी मुद्दाम एक मोडकी लायब्ररी, म्हणजे आमचे प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतात तो तयार कोड, आत सरकवली. पहिल्याच सेटअपवर काम थांबलं, जुनी प्रत परत आली, बाकी आठांना धक्काही लागला नाही.

"बघ," त्या म्हणाल्या, "नाही म्हणायला शिकलं."

दोन महिन्यांनी एका सोमवारी बाहेरून आलेली एक लायब्ररी खरोखरच खराब निघाली. साडेसातला आम्हा दोघांनाही स्क्रिप्टचा निरोप आला : अपडेट थांबवलंय, जुनं परत आणलंय. वहिनी दवाखान्यातल्या बाकावर होत्या. पुढचं त्यांनीच सांगितलं. आईने विचारलं, "कुणाचा गं फोन?"

"ऑफिसातला. काम झालं नाही म्हणून कळवतायत."

"अगंबाई! मग जा तू. मी बसते एकटी."

"नको. काम झालं नाही, पण थांबलं ते अगदी नीट." आई गोंधळली तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे सगळे दहाला येऊन नेहमीसारखेच कामाला लागतील, आई. माझं तिथे काही अडलेलं नाही." आणि फोन पर्समध्ये टाकून त्यांनी आईचा हात धरला, कारण आत नाव पुकारलं होतं.

मी दहाला पोचलो तर बाकी सगळे कामात. काही घडलंय याचा कुणाला पत्ताच नव्हता. मी शंकाला मुद्दाम सांगितलं. तिने स्वतः सगळे सेटअप तपासले, अर्धा तास घेतला, आणि म्हणाली, "ठीक आहे." तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

खालच्या मजल्यावरच्या टीमपर्यंत ही गोष्ट पोचली. त्यांचे साहेब वर आले, आम्हालाही द्या म्हणाले. मी लगेच कॉपी काढायला बसलो.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "साहेब, तुमच्याकडे हे हाताने कोण करतं?"

थोड्या वेळाने एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ दारात येऊन अवघडून उभे राहिले. "मी काही विशेष करत नाही हो," ते म्हणाले.

वहिनींनी शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, मला वही उघडायला सांगितली, आणि म्हणाल्या, "बसा ना. तेच सांगा आम्हाला, अगदी पहिल्यापासून."